मांडी जमिनीला समांतर

कृष्णवर्णीयांचं विद्यापीठ म्हटलं की मराठी वाचकाला टस्कीगी आठवतं, तेही वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे. प्रयोगशाळा, भुईमूग आणि साधा राहणारा कष्टाळू संशोधक. त्याच संस्थेत त्याच काळात विद्यार्थ्यांचा बँडही होता, हे आपल्या चित्रात कुठेच नाही. मग 2018 साली बियॉन्सेने कोचेला महोत्सवात या विद्यापीठांच्या बँडची अख्खी शैलीच मंचावर उभी केली आणि कौतुकाला पूर आला. त्या कौतुकात एक वाक्य हमखास भेटतं: हे त्यांच्या रक्तातच आहे.

या बँडना नावं ठेवणारेही आहेत. लष्करी बँडचा हा नाचरा अवतार, असं काहींचं म्हणणं. लष्करी वारसा आहेच, पण वारशावरून पुढची सगळी निर्मिती निकालात काढता येत नाही. एवढा पैसा प्रयोगशाळांवर खर्चा, असं सांगणारे फुटबॉलच्या प्रशिक्षकांना तोच सल्ला देईपर्यंत त्यांना उत्तर द्यायची गरज नाही. मला अडचण वाटते ती रक्तवाल्यांची. ते प्रेमाने बोलतात, म्हणून त्यांना कुणी अडवत नाही.

रक्तात असतं तर डब्ल्यू. सी. हँडी यांना चोरून वाजवायची वेळ का आली असती? ब्लूजचा जनक म्हणून पुढे नावाजलेला हा माणूस 1900 ते 1902 या काळात अलाबामातल्या कृष्णवर्णीयांच्या एका महाविद्यालयात बँड शिकवत होता. आज ती संस्था अलाबामा ए अँड एम विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. तिथल्या धुरिणांना युरोपीय अभिजात संगीत तेवढंच शिकवण्याजोगं वाटे. हँडींनी मग एका रॅगटाइम रचनेला हैतीच्या मुक्तिलढ्याचा नायक तुसाँ लूव्हर्त्यूरला अभिवादन करणारं भारदस्त नाव दिलं आणि ती कार्यक्रमात घुसवली. लोकांना आवडली, संस्थाप्रमुखांनाही. आज जे संगीत या विद्यापीठांचा स्वभावच मानलं जातं, त्याला त्यांच्याच दारातून वेषांतर करून आत यावं लागलं होतं.

आणि विल्यम फॉस्टर. त्यांना ऑर्केस्ट्राचे संचालक व्हायचं होतं. कॅन्सस विद्यापीठात शिकताना त्यांना सांगण्यात आलं की या देशात तुमच्या वर्णाच्या माणसाला तशी नोकरी नाही. 1946 साली ते टालाहासीला फ्लोरिडा ए अँड एम या कृष्णवर्णीयांच्याच विद्यापीठात आले आणि 1998 पर्यंत तिथला ‘मार्चिंग हंड्रेड’ हा बँड घडवत राहिले. नाकारलेल्या ऑर्केस्ट्राची सारी शिस्त त्यांनी मैदानावर ओतली. 5 यार्डांत 8 पावलं, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं. हे माप अमेरिकेतल्या बहुतेक बँडना ठाऊक असतं. इथे त्यावर आणखी एक अट येते: प्रत्येक पावलाला गुडघा वर, मांडी जमिनीला समांतर, पायाचं टोक खाली. गुडघा असा उचलला की धड हलणार, धड हललं की तुतारीचं तोंड ओठांवरून सरकणार आणि सूर फाटणार. तो फाटू न देता, शंभरावर मुलांनी एका रेषेत चालायचं आणि मग नाचायचंही. उत्स्फूर्त दिसणारी प्रत्येक गिरकी आधी मोजलेली असते. हे रक्तात नसतं. उन्हातल्या सरावाने पोटऱ्यांत येतं. 1989 साली फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीला पॅरिसमध्ये अमेरिकेच्या वतीने हाच बँड चालला. अमेरिकन बँडमास्टर्स असोसिएशनचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्षही फॉस्टरच झाले.

इथवर रक्तवाले कदाचित मान डोलावतील आणि म्हणतील, बरं, मेहनत तर मेहनत. पण मग त्यांच्याकडे खरा आक्षेप उरतो, आणि तो मला टाळता येत नाही. शिस्तीचंच एवढं कौतुक असेल, तर नोव्हेंबर 2011 चं काय? फुटबॉलच्या सामन्यानंतर ऑर्लँडोत उभ्या असलेल्या बसमध्ये ‘मार्चिंग हंड्रेड’च्या एका ड्रम मेजरला, म्हणजे बँडच्या पुढे चालणाऱ्या म्होरक्याला, त्याच्याच सहकाऱ्यांनी विधी म्हणून मारलं आणि तो मेला. हीसुद्धा शिस्तच नव्हे का?

नव्हे. शिस्त कुणापुढे हिशेब देते, यावर माझ्या मते सगळं ठरतं. ड्रम कोअर या संचलन पथकांच्या स्पर्धांत परीक्षक गुण देतात. या बँडचा हिशेब होतो तो सामना संपल्यावर, ज्याला ते ‘पाचवा क्वार्टर’ म्हणतात तेव्हा. दोन्ही बँड प्रेक्षागारात समोरासमोर, एकाने गाणं फेकायचं, दुसऱ्याने त्याहून भारी परतवायचं. कलगी-तुऱ्याचे फड पाहिलेल्याला वेगळं समजावून सांगायला नको. तिथे कोण कच्चं पडलं ते हजारो कानांना तत्क्षणी कळतं. सदर्न विद्यापीठाचा ‘ह्यूमन ज्यूकबॉक्स’ किंवा जॅक्सन स्टेट विद्यापीठाचा ‘सॉनिक बूम’ हा बँड समोर असताना तुम्ही मार किती सोसलात, याला कवडीची किंमत नसते. सूर लागला की नाही, एवढंच. बसमधल्या माराला साक्षीदार नको असतो आणि त्यातून वाजवणं तसूभरही सुधारत नाही. त्यात मागितलं जातं ते फक्त शरण जाणं. एक शिस्त उघड्यावरची, दुसरी दाराआडची. बाहेरून दोन्हींचा गणवेश एकच असल्यामुळे संस्थेलाही वर्षानुवर्षं फरक दिसला नाही, किंवा पाहायचा नव्हता. हा दोष किरकोळ नाही.

रक्ताची भाषा हा फरक पाहूच देत नाही. जे जन्मजात आहे त्याला कमावल्याचं श्रेय नसतं, तसा गुन्ह्याचा जाबही नसतो. विद्यापीठाने बँड बंद केला आणि 2013 साली पुन्हा मैदानात आणला. दोन्ही निर्णय योग्य होते.