वेळेआधी पिकलेला गहू



पवित्र मिस्सामध्ये आपण वेदीवर जी भाकर अर्पण करतो ती गव्हाची असते. उत्तर भारतातील शेतकरी नोव्हेंबरात गहू पेरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओंबीत दाणा भरतो. त्यासाठी थंडी रेंगाळावी लागते. ऊन लवकर तापले, की पीक घाईने पिकते, दाणा भरण्याचे दिवस कमी होतात आणि तो बारीक, सुरकुतलेला राहतो.

२०२२ साली असेच झाले. १९०१ पासून तोवर एवढा तापलेला मार्च देशाने पाहिला नव्हता. गहू घटला, भाव चढले आणि १३ मे रोजी सरकारने निर्यात थांबवली.

जलप्रलयानंतर देवाने वचन दिले, की पृथ्वी आहे तोवर पेरणी व कापणी, थंडी व ऊन चालूच राहतील. देवाने आपले वचन मोडलेले नाही. कोळसा आणि तेल जाळून ऋतूंची वेळ बिघडवली ती आपण माणसांनी. त्याचा चटका मात्र आधी बसतो तो कष्टकऱ्याला. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबाचा आक्रोश वेगळे नाहीत, हे पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात सांगितले ते ह्याचसाठी.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण 'माझी' नव्हे, 'आमची' भाकर मागतो. त्या 'आमची'मध्ये तो शेतकरीही आहे. ह्या आठवड्यात घरात विनाकारण जळणारा दिवा, पायी जाण्याजोग्या अंतरासाठी काढलेली गाडी, ताटात टाकलेले अन्न, ह्यांचाही विवेक-तपास करू या. मग अर्पणाच्या वेळी आपले हात रिकामे राहणार नाहीत.