ऐब कोणाचा झाकावा?

वर्गात एका मुलाने विचारले, "विमान चालवायला शिकायचे तर आधी विमान विकत घ्यावे लागते का?" पोरे हसली. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. भिवंडीच्या मुलाला हे पक्के ठाऊक असते की माग शेठचा असतो आणि चालवणारा वेगळा असतो. विमानाचेही बरेचसे तसेच आहे, असे आम्ही त्याला सांगितले.

शिकाऊ वैमानिक विमान विकत घेत नाही, तासाचे पैसे भरून क्लबचे विमान चालवतो. मुंबईत जुहूला १९२८ साली स्थापन झालेला बॉम्बे फ्लाइंग क्लब याच तत्त्वावर उभा राहिला. तिथेच शिकून जे. आर. डी. टाटा यांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळवला. आपण ज्यांना उर्दू कथालेखिका म्हणून ओळखतो त्या हिजाब इम्तियाज अलीही १९३६ साली लाहोरच्या फ्लाइंग क्लबमध्ये शिकून वैमानिक झाल्या. विमान सामाईक नसते, तर ही विद्या फक्त विमान बाळगणाऱ्यांच्याच घरात राहिली असती.

सामाईक वस्तूबरोबर एक जबाबदारी येते. सकाळी एकाने उडवलेले विमान दुपारी दुसऱ्याच्या हाती जाते. म्हणून उड्डाणापूर्वी शिकाऊ माणूस विमानाभोवती फेरी मारतो. टाकीतले थोडे इंधन काढून त्यात पाणी उतरले आहे का ते पाहतो, तेल मोजतो, टायर तपासतो, पंखांच्या हलत्या पट्ट्या हलवून बघतो. पण डोळ्यांना सगळेच दिसत नाही. समजा, एकटाच उडणाऱ्या एखाद्याने उतरताना विमान धावपट्टीवर जोरात आदळले. बाहेरून सारे ठीक दिसते, आत चाकाच्या जोडणीला बारीक तडा गेलेला असू शकतो. पाहणारे कोणी नव्हते. सांगितले तर विमान तपासणीला जाईल, सर्वांचे तास बुडतील, कदाचित खर्चही अंगावर येईल. न सांगितले तर हिशेब दुपारचा माणूस चुकता करील, कदाचित जिवानिशी.

आमच्या गावाला हा पेच नवा नाही. दिवसपाळीच्या कारागिराने मागातला बिघाड न सांगता पाळी सोडली, तर रात्रपाळीवाल्याच्या कापडात दोष निघतो आणि मजुरी त्याची कापली जाते. फरक एवढाच की माग जमिनीवर आहे.

इथे आपल्यातला कोणी म्हणेल, आपला दीन तर पर्दापोशी शिकवतो. जो दुसऱ्याचा ऐब झाकतो त्याचा ऐब अल्लाह झाकतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग उघड करा असे कसे सांगता? पण त्याच शिकवणीत बाजारातला तो प्रसंगही आहे. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तर बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. त्यावर त्यांनी विचारले, की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? फसवणारा आमच्यातला नव्हे, असेही बजावले. पाऊस पडला यात त्या माणसाचा काहीच दोष नव्हता. दोष होता तो ओल खाली दडपण्यात.

या दोन शिकवणींत विरोध नाही, असे आम्हाला वाटते. झाकायचा तो माणसाचा ऐब, कारण तो उघडून कोणाचे भले होत नाही. वस्तूचा ऐब झाकला, की तो दुसऱ्याच्या गळ्यात पडतो. तिथे लज्जा राखली जात नाही, अमानतीत खयानत होते.

हे दोन्ही एकत्र साधता येते का? अमेरिकेत १९७६ पासून नासा ही संस्था वैमानिकांकडून त्यांच्याच चुकांचे अहवाल स्वीकारते. अहवालातून नाव-ओळख पुसली जाते आणि चूक सर्वांना वाचायला खुली राहते. अपघात आणि गुन्हे यांना मात्र ही सवलत नाही. आपल्या पर्दापोशीचा अर्थ याहून वेगळा काय असणार?

हे लिहिताना आमची स्वतःची चूक आठवते. प्रयोगशाळेत एका मुलीने आपणहून येऊन सांगितले, की परीक्षानळीला तडा गेला. आम्ही तिला सर्वांदेखत रागावलो, भरपाईही मागितली. त्यानंतर कोणी सांगायला आले नाही. काही महिन्यांनी कपाटाच्या मागच्या रांगेत तीन तडकलेल्या नळ्या सापडल्या. पुढच्या तुकडीतल्या कोणी त्या दिव्यावर धरल्या असत्या तर? खरे बोलणे महाग आणि लपवणे स्वस्त, हा धडा आम्हीच शिकवला होता.

आता त्या कपाटाला एक वही बांधली आहे. तारीख, वस्तू, दोष असे तीनच रकाने आहेत. नावाचा रकाना नाही. परवा तिच्यात पहिली नोंद झाली. अक्षर ओळखीचे होते, आम्ही ओळख दाखवली नाही.