श्वास, कायक आणि दासोह

वैद्यकीय संशोधनापुढे एक मूलभूत धर्मप्रश्न उभा राहतो: ज्याची सेवा करायची त्याच्याच दुखण्यातून ज्ञान मिळवणे ही सेवाच मानावी, की तेथे रुग्ण केवळ साधन ठरतो? बीदर जिल्ह्यातील कल्याणनगरीत, आजच्या बसवकल्याणात, बाराव्या शतकात बसवेश्वरांभोवती जमलेल्या शरणांनी, म्हणजे शिवभक्तांनी, या प्रश्नाला लागू पडणारी दोन तत्त्वे दिली: कायक, म्हणजे ईश्वरार्पण बुद्धीने केलेले प्रामाणिक श्रम, आणि दासोह, म्हणजे त्या श्रमाचे फळ नम्रपणे समाजाला अर्पण करणे.

फुप्फुसरोगतज्ज्ञाच्या कार्यात ही दोन्ही तत्त्वे एकत्र येतात. तेव्हा पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेले डॉ. संदीप साळवी यांनी लंडनच्या पीटर बार्न्स यांच्यासह २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीचा, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन श्वास पुरता बाहेर न पडण्याच्या विकाराचा, आढावा घेतला. तंबाखू ओढणारे जगात सुमारे १०१ कोटी, तर लाकूड, शेण व पिकांचे अवशेष यांच्या धुरात वावरणारे सुमारे ३०० कोटी, ही तुलना त्यात होती. बीदर जिल्ह्यातीलच औराद तालुक्यातील संतपूरच्या परिसरात तूर हे एक मुख्य पीक असल्याने तुराट्या आणि गोवऱ्या हे चुलीचे जुने इंधन आहे, आणि जन्मात विडी न ओढलेल्या वृद्धेला लागणारा दम हा वयाचा किंवा प्रारब्धाचा भोग समजण्याची रीतही तितकीच जुनी आहे. त्या भोगाला कारण आहे आणि ते टाळता येते, हे सांगणे म्हणजे दुःखाचा अर्थच बदलणे होय, आणि संशोधनाचे धार्मिक मोल खरे तर येथेच आहे.

तरीही मर्यादेचा प्रश्न उरतो. सांडलेले तांदूळ वेचण्याचे कायक करणाऱ्या मारय्याने एकदा गरजेपेक्षा अधिक तांदूळ आणले, तेव्हा पत्नी लक्कम्मेने ते परत करायला लावले, अशी शरणपरंपरेतील कथा आहे. रुग्णाकडून नमुने, माहिती आणि वेळ घेणाऱ्या संशोधकालाही हाच नियम लागू होतो: संमतीने आणि गरजेपुरतेच घ्यावे. ज्यांच्या छातीतील धुरावरून निष्कर्ष काढले, त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत ते पोहोचलेच नाहीत, तर त्या संशोधनाला कायक म्हणता येईल. दासोह मात्र म्हणता येणार नाही.