गुलाबी झबले

नव्या नातीसाठी झबले घ्यायला इंदूरच्या बाजारात गेले असता दुकानदाराने पहिलाच प्रश्न केला, ‘लड़का है या लड़की?’ मुलगी म्हणताच गुलाबी कपड्यांचा ढीग पुढे आला. मी निळ्याकडे हात केला, तर तो म्हणाला, ‘वो लड़कों का है, माताजी.’ मी निमूटपणे गुलाबी झबले घेऊन परतले. तो निमूटपणा मात्र मनाला बोचत राहिला.

ही विभागणी अनादी आहे असे आपण धरून चालतो. वस्तुतः ती अलीकडची आणि परदेशी आहे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात मुलगे-मुली दोघांनाही पांढरे झगे घालीत. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे १८८४ च्या सुमाराचे, झग्यातले व लांब केसांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. १९१८ साली तेथील कपड्यांच्या एका व्यापारी नियतकालिकाने तर उलटाच सल्ला दिला होता : गुलाबी रंग ठसठशीत, म्हणून मुलांचा, निळा नाजूक, म्हणून मुलींचा.

आपल्याकडे आजीच्या लुगड्याचे दुपटे, आजोबांच्या धोतराची बाळुती आणि खणाची कुंची असे. थोरल्या भावाची कुंची धाकट्या बहिणीला होई. बोरन्हाणाला मुलगा असो वा मुलगी, काळे झबले आणि हलव्याचे दागिने ठरलेले.

यावरून पूर्वजांना समतेचे श्रेय देण्याचा मोह होतो, तो आवरावा. ज्या घरात मुलगे जगत नसत, तेथे नवसाच्या मुलाचे नाक टोचीत, त्याला मुलीसारखे नटवीत. मुलीला कोणाची दृष्ट लागणार, हा त्यामागचा समज. वेश एक झाला, मोल एक झाले नाही.

तेव्हा दोष रंगाचा नव्हे. १९७५ साली अमेरिकेतील एका प्रयोगात तीन महिन्यांच्या एकाच बाळाला पिवळा पोशाख घालून निरनिराळ्या माणसांपुढे ठेवले. ‘ही मुलगी आहे’ असे ज्यांना सांगितले, त्यांनी तिच्यापुढे बाहुलीच अधिक वेळा धरली. रंग पुसला तरी दृष्टी पुसली जात नाही.

मग करावे काय? मुलीला निळे घालणे सोपे आहे. त्याचे कौतुकच होते. मुलाला गुलाबी घातले की मात्र घरदार हसते. मुलीने मुलासारखे व्हावे ही बढती, मुलाने मुलीसारखे दिसावे ही नामुष्की! या हसण्यातच आपला खरा हिशेब उघडा पडतो. बाळाला त्यातले काही कळत नाही. पण ते हसणे ऐकतच ते मोठे होते.

नातीला ते झबले आता आखूड झाले आहे. धुऊन, घडी घालून मी ते कुंचीशेजारी ट्रंकेत ठेवले आहे. घरात पुढचे बाळ मुलगा झाला, तर तेच झबले मी त्याच्या अंगावर सहज, काही न बोलता चढवीन का? दुकानात मी काही बोलले नाही. घरात तरी त्या दिवशी माझा हात अडखळू नये.