न दिसणारी आच

बिनवायरची हीट गन टेबलावर ठेवा आणि तिच्यासमोर जरा स्वस्थ बसा. बॅटरी अजून लावू नका, बाजूलाच असू द्या. वायरच्या जोडावर श्रिंक स्लीव्ह बसवायची असेल, बरणीवरचं चिवट लेबल काढायचं असेल, जुन्या दाराचा ऑइल पेंट उतरवायचा असेल. काम कुठलंही असो, ते पळून जात नाही. आधी हे यंत्र ओळखीचं करून घेऊ.

तोंडातून आत डोकावा. वेटोळी घातलेली तार दिसेल. अशा तारेसाठी सहसा नायक्रोम वापरतात, म्हणजे निकेल आणि क्रोमियम यांचा मिश्रधातू. त्याचं पेटंट अल्बर्ट मार्श यांनी १९०६ मध्ये घेतलं आणि विजेच्या शेगड्या, टोस्टर घराघरांत येण्याची वाट मोकळी झाली. लालबुंद होऊनही ही तार हवेत लवकर जळून जात नाही, हा तिचा मोठा गुण. तिच्यामागे छोटा पंखा. पंखा हवा ढकलतो, तार ती तापवते आणि झोत बाहेर पडतो. एवढाच कारभार.

आता त्या झोताचा विचार करा. त्याला रंग नाही, ज्वाळा नाही, वास नाही. गॅसची निळी ज्योत दिसली की हात आपोआप आखडतो, कारण लहानपणापासून डोळ्यांनी हाताला ते शिकवलेलं असतं. इथे डोळ्यांना काहीच कळत नाही. हेअर ड्रायरसारखं दिसणारं हे यंत्र ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली हवा फेकू शकतं, आणि कागद साधारण २३० अंशांच्या पुढे पेट घेतो. हे दोन आकडे मनात शेजारी शेजारी ठेवा. थोडा वेळ तसेच राहू द्या.

मग डोळे मिटा आणि झोताच्या मागोमाग जा. आपण दाराच्या कडेवर तोंड रोखलंय, पण झोत कडेपाशी थांबत नाही. तो कडेवरून पुढे निसटतो. पुढे काय आहे? पडदा असेल, कॅलेंडर असेल, दिव्याच्या वायरीचं आवरण असेल. चौकट आणि भिंत यांच्यामधली फट असेल तर तिथे जास्त वेळ रेंगाळा. जुन्या घरात त्या फटीत लाकडाचा भुसा असतो, वाळवीने पोखरलेल्या लाकडाची पूड असते, कधी चिमणीने कोंबलेल्या काड्या असतात. तिथे गरम हवा शिरली तर भडका उडेलच असं नाही. आतल्या आत धुमसत राहील, आणि आपण हात धुऊन जेवायला बसल्यावर कधीतरी पेटेल. म्हणून फटीकडे तोंड करून झोत मारायचाच नाही. पडदे काढून ठेवायचे, खाली वर्तमानपत्र अंथरायचं नाही, पाण्याची बादली भरून हाताशी ठेवायची. थिनर, टर्पेंटाइन, सॅनिटायझर, डिओडरंटचा डबा हे सगळं आधीच दुसऱ्या खोलीत न्यायचं आणि खिडक्या उघडायच्या.

आता बॅटरी हातात घ्या. वजन जाणवू द्या. १८ व्होल्टच्या बॅटरीत साधारणपणे लिथियम-आयनचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. ती ५ अँपिअर-तासांची असेल तर तिच्यात ९० वॉट-तास साठतात. भिंतीच्या प्लगवर चालणारी हीट गन दीड-दोन हजार वॉट खेचते. ही बिचारी काहीशे वॉटांवर भागवते. त्यामुळे ती सावकाश काम करते, आणि धोका इथेच मनात शिरतो. लवकर उरकावं म्हणून आपण तोंड वस्तूला अगदी चिकटवतो. हवेची वाट अडते, तार प्रमाणाबाहेर तापते, यंत्र बिघडतं आणि समोरची वस्तू करपते. यंत्राचा सावकाशपणा सोसवत नसेल, तर ते काम त्या दिवशी हातात घेऊ नये असं मी ठामपणे म्हणेन.

वायर नसण्याचा आणखी एक परिणाम आहे, त्यावर फारसं कुणी बोलत नाही. वायरच्या यंत्राचं काम कुठे संपतं हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं: भिंतीवरचं बटण बंद, प्लग बाहेर. घराबाहेर पडताना “इस्त्रीचं बटण बंद केलं का?” हा प्रश्न हमखास निघतो. बिनवायरच्या हीट गनबद्दल तो कुणीच विचारत नाही, कारण भिंतीवर तिचं बटणच नसतं. ती माळ्यावर, शिडीवर, बाल्कनीत कुठेही सोबत येते आणि तशीच कुठेतरी पडून राहते. म्हणून शेवटची कृती आपणच ठरवायला हवी. ती म्हणजे बॅटरी काढणे. पाच मिनिटांसाठी फोन घ्यायला उठलात तरीही.

आता बॅटरी लावा. उष्णता सगळ्यात कमी ठेवा. स्लीव्ह घेऊ. नेहमीच्या वापरातली स्लीव्ह ९० ते १२० अंशांच्या दरम्यान आकसते, तिला ५०० अंशांची गरजच नाही. झोत मधल्या भागावर धरा आणि हात सतत हलता ठेवा. आधी स्लीव्ह किंचित थरथरते, मग तिचा ढिलेपणा जातो, वायरचा जोड खालून उमटतो. मधून टोकांकडे जा, म्हणजे आत हवा अडकत नाही. आता हात बाजूला घ्या. आणखी थोडं, आणखी थोडं असं वाटेल, तसं वाटू द्या. बरणीच्या बाबतीतही हेच: लेबलची कड सुटली की हाताने हळूच ओढा, काच एकाच जागी तापवली तर तडकते. मध्येच उग्र वास आला तर ताबडतोब थांबा. पीव्हीसी करपलं की नाका-घशाला झोंबणारा विषारी वायू सुटतो.

जुन्या रंगापाशी मात्र बराच वेळ थांबायला हवं. भारतात घरगुती रंगांमधल्या शिशावर दहा लाखांत ९० भागांची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधी रंगवलेल्या दाराखिडक्यांत शिसं नसेलच असं धरून चालू नका, पिवळ्या आणि हिरव्या रंगांत तर नकोच. असा रंग तापवून खरवडला की बारीक पूड घरभर पसरते, फार तापवला तर शिशाचा धूर होतो. रांगणारं बाळ ती पूड बोटांवरून तोंडात नेतं, आणि शिसं मुलांच्या मेंदूची कायमची हानी करतं. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर या कामाला हीट गन लावूच नका. दार सजवायचं राहिलं तरी चालेल.

तसंच फ्रीजमधल्या बर्फाचं. आजकालच्या पुष्कळ फ्रीजमध्ये आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायू असतो. तिथे, गॅसच्या नळीपाशी आणि केसांवर ही हवा कधीही नको.

काम झालं. ट्रिगर सोडलात, आवाज थांबला. इथेच पुन्हा लक्ष द्या, कारण थंड असल्यासारखं दिसणारं ते धातूचं तोंड अजून कातडी सोलून काढेल एवढं तापलेलं असतं. थंड हवेची सोय असेल तर ती थोडा वेळ चालवा. मग बॅटरी काढा आणि यंत्र उघड्या फरशीवर, तोंड वर करून, पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. ते निवेपर्यंत पिशवीत जाणार नाही. बॅटरीही गरम असेल, ती निवल्यावरच चार्जिंगला लावा. अर्ध्या तासाने परत येऊन जिथे झोत मारला ती जागा बघा, वास घ्या, फटीजवळ हाताची मागची बाजू धरून ऊब आहे का पाहा.

आणि एवढं करूनही चटका बसलाच, तर अंगठी-बांगड्या लगेच काढा आणि भाजलेला भाग २० मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यांतलं काहीही लावू नका. भाजल्याची जागा तळहाताएवढी असेल, किंवा चेहऱ्यावर वा हातांवर फोड आले असतील, तर स्वच्छ कापडाने सैलसर झाकून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.