ओहोळाच्या अलीकडे राहिलेले

अग्निवीर भरतींत धांव पुरी करूनही ‘तळवे सपाट आहेत’ किंवा ‘गुडघे एकमेकांस लागतात’ म्हणून ज्यास परत पाठवितात, त्या तरुणास ठाकुरवाडीची पायवाट चढावयास लाज वाटते. त्यानें प्रथम लष्करी रुग्णालयांत फेरतपासणी मागावी. तींतही अपात्र ठरला तर?

दाविदाचे ६०० पुरुष शत्रूच्या पाठीं लागले. त्यांपैकीं २०० इतके थकले कीं त्यांच्यानें बसोर ओहोळ उतरवेना. ते सामानापाशीं राहिले. त्यांस लुटीचा वांटा देऊं नये, असें कांहीं दुष्ट माणसें म्हणालीं. (अशीं माणसें प्रत्येक वाडींत असतात.) दाविदानें वांटा सारखाच केला, सामान राखणें हेंही त्याच लढाईचें काम, असें त्यानें धरिलें.

आपल्या खालापुरांतच पाहा. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर रस्ता नव्हता, यंत्रें पोहोंचेनात; चिखलांतून पायीं चढून हातांनीं माती उपसावी लागली. त्या चढणीवर कोणीं कोणाचे तळवे तपासले नाहींत.

तर बाळा, प्रथमोपचार व आपत्तींतील बचावकार्य शिकून घे. अलिबागेस जिल्हाधिकारी कचेरींत त्याची चौकशी कर. आणि उपदेशक बंधूंनो, तो एकटा जाण्यास संकोचेल, त्याजबरोबर जा.