नियत आणि इजाजत

शेजाऱ्याच्या दाराचे कुलूप कच्चे आहे असे लक्षात आले, तर त्याला सांगणे हा शेजारधर्म झाला. पण ते कच्चे असल्याचे पटवून देण्यासाठी कुलूप उघडून आत शिरावे काय? संगणक शिकणारी आमची मुले हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात, "सर, नियत साफ असेल तर हॅकिंग गुन्हा कसा?"

आपला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० आधी इजाजत विचारतो. मालकाच्या परवानगीवाचून संगणकात शिरणे किंवा इतरांची वाट अडवणे, यासाठी कलम ४३ खाली भरपाई द्यावी लागते. हेच अप्रामाणिकपणे वा कपटाने केले, तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे साफ नियत कैदेतून वाचवील, जबाबदारीतून नव्हे. शिवाय नियत कोणाला दिसते? ती वागण्यातूनच ओळखावी लागते.

ऑनलाइन निषेधाचेही तसेच आहे. जर्मनीतून हद्दपार होणाऱ्या एका सुदानी निर्वासिताचा १९९९ मध्ये लुफ्थान्साच्या विमानात मृत्यू झाला. अशा हद्दपारीत कंपनीने भाग घेऊ नये म्हणून २० जून २००१ रोजी हजारो लोकांनी, आधी जाहीर करून, एकाच वेळी तिच्या संकेतस्थळावर गर्दी केली. एका आयोजकाला २००५ मध्ये शिक्षा झाली. २००६ मध्ये फ्रँकफर्टच्या वरिष्ठ न्यायालयाने, यात बळाचा वापर नव्हता, असे सांगून त्याला निर्दोष सोडले.

हे मला धरण्यासारखे वाटते. धरण्यात एक माणूस एकाच माणसाची जागा अडवतो. पण दुसऱ्यांचे हजारो संगणक त्यांच्या नकळत ताब्यात घेऊन संकेतस्थळ पाडणारा मात्र परक्यांना बांधून धरण्यावर बसवतो. त्याचे कारण कितीही न्याय्य असो, हा जुलूमच. १९३० मध्ये मिठाचा कायदा मोडण्यापूर्वी गांधीजींनी व्हाइसरॉयला पत्र लिहून कळवले होते. आपले नाव, आपले शरीर आणि परिणाम भोगण्याची तयारी यांनीच कायदेभंगाला नैतिक बळ येते.

उणीव शोधणाऱ्याचे काम मात्र निषेधाचे नसते, राखणीचे असते. अमेरिकेच्या न्याय विभागाने २०२२ मध्ये, सद्हेतूने सुरक्षा तपासणाऱ्यांवर खटले भरू नयेत, असे धोरण जाहीर केले. आपल्या कलम ४३ मध्ये अशांसाठी वेगळी सवलत नाही. ज्या मुलाच्या नावाकडेच आधी संशयाने पाहिले जाते, त्याला आपला हेतू सिद्ध करणे तर अधिकच अवघड.

म्हणून मुलांना माझे सांगणे एवढेच : इजाजतीवाचून दार ढकलू नका. उणीव सहज नजरेस पडली, तर आतले काही घेऊ नका, मालकाला आणि सर्ट-इन या सरकारी यंत्रणेला लेखी कळवा. आणि कायदा करणाऱ्यांना सांगणे असे, की "दार उघडे आहे" म्हणून हाक देणाऱ्याला चोराच्या रांगेत उभे केले, तर उद्या हाक देणारा कोणी उरणार नाही. चोर तेवढे राहतील.